एसटी स्टँडवरचा एक तास: माणसं बघायला शिकताना

सातारा स्टँडच्या चौकशीच्या खिडकीसमोर एक आजी रांगेत उभ्या होत्या. हातात आधार कार्ड, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आणि पिशवीला रबर. नंबर येईपर्यंत त्यांनी ते रबर तीनदा काढलं, कार्ड आहे ना बघितलं आणि तीनदा परत लावलं. खिडकीपाशी पोचल्यावर मात्र कार्ड बाहेर काढलंच नाही. "कोरेगाव?" एवढंच विचारलं. उत्तर ऐकलं, रबराला आणखी एक वेढा दिला आणि फलाटाकडे चालू लागल्या.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. योजना मी पेपरात वाचली होती. पण त्या कार्डाची किंमत काय, हे मला त्या रबराने सांगितलं.

तेव्हा आई मेढ्याजवळच्या गावी होती आणि मी दर गुरुवारी पुण्याहून साताऱ्याला उतरून पुढची मेढ्याची गाडी धरायचे. मध्ये कधी पाऊण तास, कधी दीड तास मोकळा मिळायचा. बरेच आठवडे तो मोबाईलवर गेला. एका गुरुवारी जवळचा चष्मा पुण्यातच राहिला. मोबाईलवरची अक्षरं लागेनात, लांबचं मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या दिवसापासून मी माणसं बघायला लागले आणि ती आवड अजून सुटलेली नाही.

आपल्याकडे या गोष्टीसाठी घरातच जागा राखलेली असायची. घराची ओटी, वाड्याची दिंडी, चाळीची गॅलरी, गावातला पार. गोव्यातल्या जुन्या घरांना बाल्कांव असतो, दारापुढे समोरासमोर बसायला बांधलेल्या बैठका असलेला. दिवेलागणीला घरची माणसं तिथे येऊन बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्याची विचारपूस करतात. फ्लॅटच्या दाराला लॅच आलं आणि पुष्कळांच्या आयुष्यातून ती जागा गेली. आता ती बाहेर शोधावी लागते. कशी शोधायची आणि तिथे जाऊन नेमकं काय करायचं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. माणसं जिथे वाट बघतात, ती जागा निवडा

नवख्याने एसटी स्टँडपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. चालत्या गर्दीत माणूस चार सेकंद दिसतो आणि जातो. हॉटेलात तो दिसतो, पण खाण्यात गुंतलेला. वाट बघणाऱ्या माणसाला मात्र करण्यासारखं काही नसतं, म्हणून तो स्वतःसारखा वागायला लागतो. पिशवी पुन्हा लावतो, सुटे पैसे मोजतो, शेजारच्याशी बोलावं की नाही याचा विचार करतो आणि बहुतेक वेळा बोलतोच.

दुसरं कारण असं, की स्टँडवर सगळ्या थरांतली माणसं येतात. १ जून १९४८ ला पुणे ते नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून शाळेला जाणारी मुलगी, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, माहेरपणाला चाललेली बाई, बदलीवरचा शिक्षक, हे सगळे एकाच फलाटावर उभे राहत आले आहेत. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत साताऱ्याच्या फलाटाचं चित्र बदललं. पूर्वी दुपारच्या गाडीला नवऱ्यासोबत किंवा मुलासोबत आलेल्या बायका जास्त दिसायच्या. नंतर चौघी-पाचजणींचे घोळके दिसायला लागले, बरोबर कुणी पुरुष नाही. तिकिटाचे पैसे एकीने काढायचे आणि बाकीच्यांनी तिच्या हातात कोंबायचे, हा त्यांचा कार्यक्रम गाडी सुटली तरी चालू असतो.

स्टँड जवळ नसेल तर पुण्यात महात्मा फुले मंडई आहे. १८८६ साली उघडलेली ही दगडी अष्टकोनी इमारत सकाळी बघावी. विक्रेते उंच ओट्यांवर आणि गिऱ्हाईक खाली, त्यामुळे बोलणं मान वर करून होतं आणि चेहरे छान दिसतात. तिथे रिकाम्या हाताने उभं राहिलं तर वाटेत अडचण होते. पाव किलो भेंडी घ्या, ती निवडताना हवा तितका वेळ मिळतो. मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी उत्तम, कारण मैदानाभोवती सलग बसता येतं. ज्येष्ठांची टोळकी ठरलेल्या ठिकाणी बसतात, फेऱ्या मारणारे तुमच्या समोरून पुन्हा पुन्हा जातात, आणि तोच माणूस तिसऱ्या फेरीला पहिल्या फेरीपेक्षा किती वेगळा दिसतो हे कळतं. सीएसएमटी किंवा दादरला बसायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं, तेवढं पुरे. मरीन ड्राइव्ह मी नवख्यांना सुचवत नाही. तिथे बहुतेक लोक समुद्राकडे तोंड करून बसतात, आपल्या वाट्याला पाठी येतात.

मॉल टाळा. तिथे प्रत्येकाला माहीत असतं की आपण दिसतो आहोत.

२. नेमकं कुठे टेकायचं

स्टँडवर शिरल्याबरोबर पहिल्या बाकावर बसू नका. आधी एक चक्कर मारा. तुम्हाला हवी अशी जागा, जिथे पाठीला खांब किंवा भिंत आहे, चौकशीची खिडकी तिरकी दिसते आणि निदान दोन फलाट नजरेत येतात. समोरासमोरचे बाक असतील तर टाळा, समोरच्याला ओशाळल्यासारखं होतं आणि तुम्हालाही. हिरकणी कक्षाच्या, म्हणजे बाळाला पाजण्यासाठी केलेल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून कधीही बसू नका. रसवंतीच्या कडेचा बाक चांगला. उसाचा एक ग्लास घेतला की बसण्याला निमित्त मिळतं आणि चरकाच्या घुंगरांमुळे आपल्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

जागा निवडताना मला एका परदेशी माणसाच्या कामाचा उपयोग झाला. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं कुठे थांबतात ते बघितलं होतं. लोक बोलायला थांबले की कडेला होत नाहीत, ऐन रहदारीच्या मध्येच उभे राहतात, असं त्यांना दिसलं. हलवता येणारी खुर्ची असली तर माणूस बसण्याआधी ती थोडी तरी सरकवतो, मग ती होती तिथेच का परत येईना. साताऱ्यातही माणसं फलाटाच्या तोंडाशीच, सगळ्यांच्या वाटेत, दहा-दहा मिनिटं बोलत उभी असतात. बाक काही सरकवता येत नाही, तर बसण्याआधी पिशवी वीतभर हलवतात, रुमालाने बाक झटकतात. नंतर मी प्रवेशाच्या तोंडापासून पंधरा-वीस पावलांवरचा खांब धरला, आणि सगळ्यात जास्त भेटी मला तिथूनच दिसल्या.

एकट्या बाईने बसायचं असेल तर दिवसाउजेडी, कुटुंबं बसतात त्या बाजूला, वाहतूक नियंत्रकाची केबिन दिसेल असं बसावं. पहिल्या दोन-चार वेळा मैत्रिणीला न्या. पण दोघींनी आपसात बोलत बसायचं नाही, नाहीतर तास गप्पांतच जातो.

३. पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या

पहिल्यांदा बसलात की वाटेल, इथे बघण्यासारखं काहीच नाही. सगळ्यांना असंच वाटतं. डोळे गर्दीला एक गठ्ठा म्हणून बघत असतात. साधारण पाव तासाने तो गठ्ठा सुटा होतो आणि एकेक माणूस वेगळा दिसायला लागतो. म्हणून तास ठेवा, निदान पाऊण तास. वीस मिनिटांत उठणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मोबाईल पिशवीत, तोही तळाशी. कानात काही घालायचं नाही, कारण निम्मं बघणं कानाने होतं. स्टँडवरच्या घोषणेनंतर किती जण उभे राहतात आणि त्यातले किती पुन्हा बसतात, हे घोषणा ऐकल्याशिवाय कळणार नाही.

वेळ म्हणाल तर पहाटेची पहिली गाडी, शाळा सुटायची वेळ आणि तालुक्याच्या गावी आठवडे बाजाराची दुपार या मला आवडतात. लग्नसराईत आणि गणपतीच्या आदल्या दिवसांत गर्दी इतकी असते की नवख्याला त्यातून काही निवडता येत नाही. तो सण थोडं जमायला लागल्यावरचा.

४. चेहऱ्याआधी पाय आणि हात

चेहऱ्याकडे बघायची घाई करू नका. चेहरा माणूस सांभाळतो, पायांकडे त्याचं लक्ष नसतं. ज्याला आपली गाडी आणि फलाट पाठ आहे, त्याचे पाय स्थिर असतात. जो पहिल्यांदा आला आहे, त्याची पावलं आत येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर वळतात. चपला काढून, बाकावर मांडी घालून बसलेल्याची गाडी बहुतेक तासाभराने असते. चपला असूनही टाचा उचललेल्या, म्हणजे गाडी आत्ता येईल.

हात तर बघतच राहावेत. पैसे कुणाच्या कुठून निघतात, पाकिटातून, कमरेच्या चंचीतून, ब्लाउजमधून, मोबाईलच्या कव्हरमागून. तिकीट कोण जपून घडी घालून ठेवतो आणि कोण त्याची सुरळी करून बोटांत फिरवतो. लहान मुलाला कसं धरलं आहे. मनगटाला धरलेलं मूल ओढलं जात असतं, बोट धरलेलं मूल आपल्या चालीने येत असतं.

मग सामान. साताऱ्याहून मुंबईला चाललेल्या माणसाचं सामान आणि मुंबईहून आलेल्या माणसाचं सामान मी बघताक्षणी वेगळं ओळखते. जाणाऱ्याबरोबर तांदूळ, घेवडा, उन्हाळ्यात कुरडया-पापड, तोंड शिवलेलं पोतं, बाटलीतलं तूप दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. येणाऱ्याबरोबर चाकांची बॅग, खेळण्याचा खोका, आणि परतीला ज्या पोत्यातून धान्य न्यायचं ते रिकामं पोतं घडी करून. तूप नेणारा माणूस बाटली कधीच खाली ठेवत नाही. बाकीचं सामान पायाशी आणि बाटली मांडीवर.

गाडी लागली की रुमालाचा खेळ जरूर बघा. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, पिशवी सीटवर पडते आणि टाकणारा माणूस दाराच्या रेटारेटीत सगळ्यात मागे राहतो. पुढे असलेला माणूस आत शिरतो, रिकाम्या सीटवर एक मळका रुमाल बघतो आणि पुढच्या सीटकडे जातो. कुठल्याही नियमात न लिहिलेली गोष्ट, पण फार थोडे लोक ती मोडतात. मी एकदा एका उंच तरुणाला रुमालाशेजारी उभं राहिलेलं बघितलं. सीट रिकामी, तो उभा, गाडी भरत चाललेली. चार-पाच मिनिटांनी एक म्हातारबुवा धापा टाकत आले, रुमाल उचलला आणि बसले. तरुणाने त्यांची पिशवी वर रॅकवर ठेवून दिली. दोघांत एक शब्दही झाला नाही.

पाटी वाचणं हाही बघण्याचा विषय आहे. गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरात गाव लिहिलेलं असतं, ज्याला उत्तम वाचता येतं तोही ते वाचतो, आणि मग शेजारच्याला विचारतो, "ही कराडच ना?" पाटीवर विश्वास नाही असं नाही. पण माणसाच्या तोंडून "हो" ऐकल्याशिवाय पाय उचलत नाही. शेजारचाही "वाचता येत नाही का" म्हणत नाही. तो स्वतः एकदा पाटीकडे बघून घेतो आणि "हो, कराडच" म्हणतो.

आणि शेवटची दोन मिनिटं. निरोप द्यायला आलेल्याचं सगळं बोलून झालेलं असतं, तरी गाडी निघत नाही. मग तीच वाक्यं पुन्हा येतात. पोचल्यावर फोन कर. पाणी आहे ना. डबा आधी खा, नाहीतर आंबेल. खाली उभ्या असलेल्याचा हात खिडकीच्या गजावर असतो. कंडक्टर दोनदा घंटी मारतो तेव्हा तो हात लगेच सुटत नाही, गाडीबरोबर दोन-तीन पावलं चालतो आणि मग सुटतो. त्या पावलांसाठी मी कितीतरी वेळा माझी गाडी लागलेली असूनही शेवटी चढले आहे.

५. गोष्ट रचू नका

या छंदाबद्दल पुष्कळ जण सांगतात की समोरच्या माणसाकडे बघून त्याची गोष्ट तयार करा, हा कुठून आला, याच्या घरी काय चाललं असेल. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते.

एका गुरुवारी माझ्यापासून दोन बाक पलीकडे साठीतले एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर तीन पुडांचा स्टीलचा डबा, त्याभोवती दोन्ही हात. चेहरा उतरलेला. दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होते. मी मनात ठरवून टाकलं: सिव्हिल हॉस्पिटलात कुणीतरी आहे, डबा तिथे जायचा आहे, रिक्षाला पैसे नाहीत किंवा कुणी न्यायला येणार होतं ते आलं नाही. इतकी खात्री पटली की मला वाईट वाटायला लागलं. आणि एकदा वाईट वाटायला लागल्यावर मी त्यांच्याकडे बघायचंच थांबवलं, स्वतःच्याच गोष्टीत रमले.

पाटणची गाडी आली. गृहस्थ उठले, ते चढायला नाही. दारातून तिशीतला कंडक्टर उतरला, केबिनमध्ये जाऊन नोंद करून आला आणि गाडीच्या पायरीवर बसला. गृहस्थांनी डबा उघडून एकेक पूड त्याच्या शेजारी मांडलं. भाकरी, कसली तरी सुकी भाजी, ठेचा. मुलगा भराभर जेवत होता. पैशांची बॅग त्याने खांद्यावरून काढली नव्हती, ती एका हाताने मागे सारत दुसऱ्या हाताने तो घास घेत होता. वडील पाण्याची बाटली आणि त्याची टोपी धरून समोर उभे. बोलणं फारसं नाही. पोरगा एकदा म्हणाला, "मीठ कमी हाय." वडील म्हणाले, "तिला सांगतो."

दहा-बारा मिनिटांत सगळं उरकलं. रिकामी पुडं एकात एक बसवून वडिलांनी कडी लावली. गाडी परत पाटणला निघाली आणि ते पुन्हा बाकावर येऊन टेकले. चेहरा तोच, मघाचाच. तो उतरलेला नव्हताच, त्यांची ठेवणच तशी होती. नंतर बोलता बोलता कळलं, मुलगा पाटण आगाराला लागला आहे, राहतोही तिकडेच, ज्या दिवशी त्याची साताऱ्याची फेरी असेल त्या दिवशी हे गावाहून डबा घेऊन येतात.

मी दवाखान्याची गोष्ट रचत बसले होते त्या दहा मिनिटांत त्यांचं घड्याळाकडे बघणं, डबा गार होऊ नये म्हणून सदऱ्याच्या टोकाने झाकणं, हे सगळं समोर घडत होतं. मला ते दिसलं, पण कळलं नाही, कारण माझं उत्तर आधीच तयार होतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते. जे दिसतं ते मनात साध्या वाक्यात म्हणायचं. "डबा मांडीवर आहे. दोन्ही हात भोवती आहेत. घड्याळ बघितलं." त्यापुढे जायचं नाही. उत्तर मिळालं तर समोरूनच मिळेल, आणि पुष्कळदा गाडी निघून जाते आणि उत्तर मिळत नाही. ते तसंच घरी न्यावं.

यातच आणखी एक सवय मोडावी लागते. कपडे, बोली, कपाळ, टोपी, दाढी बघून माणूस "कुणापैकी" हे ठरवायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. जात किंवा धर्म ओळखला की आपल्याला वाटतं माणूस कळला, आणि डोळे तिथेच मिटतात. मी ही सवय पूर्ण सोडली आहे असं म्हणत नाही. पण ती डोकं वर काढते तेव्हा मी पुन्हा हातांकडे बघते. हातांना आडनाव नसतं.

६. बघणं आणि टक लावणं

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट नेमकी मांडली. अनोळखी माणसं एकमेकांजवळून जाताना क्षणभर नजर देतात, म्हणजे "तुम्ही इथे आहात हे मला दिसलं", आणि लगेच नजर काढून घेतात, म्हणजे "तुमच्यात मला नाक खुपसायचं नाही". सार्वजनिक जागेतला सगळा सभ्यपणा या दोन हालचालींत आहे. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. दोन-तीन सेकंद बघा, मग नजर त्या माणसाच्या पलीकडच्या गाडीवर, घड्याळावर न्या, थोड्या वेळाने परत या. नजरानजर झालीच तर किंचित मान हलवा आणि त्या माणसाकडे पुढची पाच मिनिटं बघू नका.

पुरुष वाचकांना कळकळीने सांगते. स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीला नजरांचा अनुभव रोजचा आहे, आणि तुमची नजर निर्मळ आहे हे तिला कळायचा काही मार्ग नाही. एकट्या मुलीकडे बघत बसू नका, बघायला हजार माणसं आहेत. कुणाच्याही मागे जाऊ नका. तिने नको म्हणून दाखवल्यावरही एखाद्या स्त्रीचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि कायद्याआधी, मागे न जाणं ही साधी माणुसकी आहे.

फोटो काढायचा नाही. दुरूनही नाही, पाठमोराही नाही. ज्या क्षणी मोबाईल वर होतो त्या क्षणी समोरचा माणूस तुमच्यासाठी वस्तू होतो.

रडणाऱ्याकडे, भांडणाऱ्या नवरा-बायकोकडे, नशेत पडलेल्याकडे बघत राहायचं नाही. मदतीची गरज दिसली तर मात्र बसून राहू नका. चुकीच्या गाडीत चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारा. एकटं भांबावलेलं मूल दिसलं तर त्याच्याजवळ थांबा, वाहतूक नियंत्रकाला सांगा, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन लक्षात असू द्या. अशा वेळी तास बुडाला तरी चालेल.

कुणी विचारलंच, "कुठं जायचंय ताई?", तर खरं सांगा. मी सांगते, "गाडीला वेळ आहे, माणसं बघत बसलेय." एक-दोघं हसतात. बहुतेक जण शेजारी बसतात आणि दहा मिनिटं तेही बघतात, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

७. वही

खिशात मावेल अशी वही ठेवा, पण माणूस समोर असताना लिहू नका. गाडीत बसल्यावर किंवा घरी आल्यावर लिहा. दिवसाला एक माणूस पुरे. नाव नको, ओळखू येईल असं वर्णन नको. त्याने केलेली एक हालचाल आणि ऐकलेलं एक वाक्य. विशेषणं टाळा, "गरीब बिचारी" असं लिहिलंत की पुढच्या वर्षी वाचताना समोर काहीच उभं राहत नाही. "रबर तीनदा काढलं" लिहिलंत की आजी उभ्या राहतात.

आणि जागा बदलू नका. एकच स्टँड, शक्यतो एकच वार, तीच वेळ, निदान दोन महिने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीची माणसं ओळखू यायला लागतात. मग ज्या दिवशी त्यातलं एखादं वेगळं वागतं, तो दिवस खरा सोन्याचा.

माझ्या वहीतल्या तीन नोंदी देते, सुरुवात करताना नमुन्याला म्हणून.

गुरुवार, सव्वाचार. शाळेच्या दोन मुली. पास एकीकडेच. दुसरी पासची जुनी पावती हातात घेऊन काय बोलायचं ते म्हणून बघतेय, पहिली कंडक्टर होऊन नाही म्हणतेय.

गुरुवार, पावणेपाच. आलेपाकवाला पुढच्या दाराने चढला, मागच्या दाराने उतरला. काही खपलं नाही. उतरल्यावर एक वडी स्वतः खाल्ली.

गुरुवार, साडेबारा. पाटणची गाडी आली, कंडक्टर दुसराच. डबा घेऊन आलेले गृहस्थ उठले, परत बसले. कंडक्टर त्यांच्यापाशी गेला, म्हणाला, "काका, त्याची ड्युटी बदलली, तीनच्या गाडीला येतोय." त्यांनी डब्याला हात लावून बघितला.